हायम आबांचं नाक

अरादच्या दवाखान्यातली औषधं द्यायची खिडकी ज्या मिस्त्रीने बसवली तो एकतर फार बुटका असावा, किंवा त्याचं कंत्राटदाराशी भांडण झालेलं असावं. खिडकी इतकी खाली होती की औषध घ्यायला आलेल्या माणसाला कमरेत वाकल्याशिवाय माझ्याशी बोलताच येत नसे. तो वाकला की आधी त्याचं नाक आत येई, मग मिशी असली तर मिशी, आणि शेवटी तक्रार. अठरा वर्षं मी त्या खिडकीच्या आतल्या बाजूला उभा आहे. रस्त्यात कुणी "शालोम, मोशे" म्हणालं तर मला चटकन ओळख पटत नाही. जरा खाली वाकून त्या माणसाचं नाक बघितलं की पटते. याचा काही लोकांना राग येतो.

त्यामुळे एका मराठी वार्षिक अंकासाठी "तुमच्या नोकरीतलं काहीतरी लिहा" असं पत्र आलं, तेव्हा मी नाकाबद्दल लिहिणार हे ठरल्यासारखंच होतं. हृदयाबद्दल लिहायला इतर मंडळी आहेत.

माझी ओळख करून देतो. मुंबईला भायखळ्यात एका डॉक्टरांकडे मी कंपाउंडर होतो. लाल मिक्श्चर, पांढरं मिक्श्चर, बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी कातरून चिकटवायची, हे सगळं मी बघत असे. लोक मला "कंपाउंडरसाहेब" म्हणत. इथे इस्राएलात आल्यावर मी मोझेसचा मोशे झालो, आणि कळलं की या देशात कंपाउंडर नावाचा प्राणीच नाही. मला औषधखान्याचा मदतनीस करण्यात आलं. माझ्या वर गव्हेरेत क्लारा. गव्हेरेत म्हणजे बाई, पण क्लाराच्या बाबतीत तो शब्द लष्करी हुद्द्यासारखा लागे. हंगेरीच्या, शिकलेल्या फार्मसिस्ट, पांढऱ्या कोटाची वरची गुंडी उन्हाळ्यातसुद्धा लावलेली. त्यांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "तुमच्याकडे औषधं कशी मोजतात?" मी म्हटलं, "तराजूने." त्या म्हणाल्या, "चला, काहीतरी सारखं आहे."

आता अराद. नेगेवच्या वाळवंटात एका उंच पठारावर सरकारने हे गाव वसवलं. इथली हवा इतकी कोरडी आणि स्वच्छ की दम्याचे रोगी देशभरातून येऊन इथे राहू लागले. फुलांची धूळ उडवणारी झाडं लावायला गावात मनाई. हे सगळं छातीसाठी फार चांगलं. पण नाकाला कुणी विचारलंच नाही. कोकणातल्या ओल्या हवेत वाढलेलं आमचं नाक या हवेत आठवड्याभरात जुन्या चपलेसारखं सुकतं. त्यात शराव सुटला, म्हणजे तो पूर्वेकडून येणारा गरम, धुळीचा वारा, की अर्धं गाव तोंड उघडं टाकून माझ्या खिडकीपुढे उभं. सगळ्यांना एकच पाहिजे, नाकात घालायचे थेंब.

हे थेंब काय करतात ते सांगतो, कारण मी समोरच्याला हे हजार वेळा सांगितलं आहे आणि त्याने दर वेळी माझ्याकडे न बघता बाटलीकडे बघितलं आहे.

नाक म्हणजे दोन भोकं, असं लोकांना वाटतं. नाक म्हणजे अस्तर. आतल्या भिंतींवर लाल, ओलसर अस्तर असतं, त्यावर डोळ्याला न दिसणारे बारीक केस, आणि ते वाऱ्यातल्या भातशेतासारखे सतत एका दिशेला डोलत धूळ घशाकडे ढकलत असतात. अस्तराखाली रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, स्पंजसारखं. सर्दी झाली की स्पंज रक्ताने फुगतो आणि वाट बंद होते. थेंब पडले की त्या रक्तवाहिन्या आखडतात, स्पंज बसतो, आणि माणूस पाच मिनिटांत म्हणतो, वा. या "वा"मध्येच सगळा घोटाळा आहे. चार तासांनी थेंबाचा जोर ओसरतो आणि आखडलेल्या वाहिन्या सूड घेतल्यासारख्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. माणूस पुन्हा थेंब घालतो. तीन दिवस हे चाललं तर ठीक. तीन आठवडे चाललं की सर्दी कधीच निघून गेलेली असते आणि नाक थेंबांमुळेच बंद होत असतं. अस्तर लालभडक होतं, सुजतं, कोरडं पडतं, ते डोलणारे केस आडवे होतात. आणि वास घ्यायची जागा असते पार वर, नाकाच्या छपरापाशी, जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी. तिथपर्यंत हवाच पोचली नाही तर गुलाब काय आणि घासलेट काय, सारखंच.

मृत समुद्राकाठच्या कारखान्यात कामगारांची बस नेणारा एक ड्रायव्हर होता. त्याची एक बाटली खिशात, एक गाडीत आणि एक उशीखाली असे. त्याने मला एकदा अभिमानाने सांगितलं की घाटातल्या वळणावर तो एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताने थेंब घालतो. मी त्या बसने जाणं बंद केलं.

एक रुमानियन आजीबाई होत्या. त्यांना डॉक्टरांनी नवीन जातीचा फवारा दिला, जो सावकाश काम करतो, दोन आठवडे रोज मारावा लागतो, पण अस्तर खरोखर शांत करतो. त्या दुसऱ्याच दिवशी तो परत घेऊन आल्या. "मोशे, बिघडलेला आहे. मारला, काही झालं नाही." सावकाश गुण देणाऱ्या औषधाला गिऱ्हाईक नसतं, हे मी त्या दिवशी शिकलो. शिवाय त्या फवारा सरळ मधल्या पडद्यावर मारत, त्यामुळे रक्त येई. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्या हाताने उजव्या, आणि फवाऱ्याचं तोंड बाहेरच्या बाजूला, कानाकडे. हे मी त्यांना खिडकीतून हातवारे करून दाखवलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं मी नाचतोय असं समजून बघत होती. मी थोडा नाचलोही.

आता हायम आबा.

अरादमध्ये आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मोजकी घरं. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना एखाद्याला दुपारच्या झोपेतून उठवावं लागे. आमची मशीद, म्हणजे सिनेगॉग हो, आमची जुनी माणसं अजून मशीदच म्हणतात, ती एका मिकलातमध्ये भरत असे. मिकलात म्हणजे लढाईत लपायची जमिनीखालची खोली. इथे प्रत्येक वस्तीत असते. लढाई नसेल तेव्हा तिथे प्रार्थना किंवा पिंगपाँग. हायम आबा आमचे हज्जान, म्हणजे प्रार्थना गाऊन चालवणारे. मूळचे अलिबागकडचे, मुंबईत गोदीत कारकुनी केलेली, इथे कापडाच्या गिरणीत. वय सत्तरीला टेकलेलं. आवाज असा की मिकलातच्या पोलादी दाराला कंप सुटे. आणि नाक भव्य. माझ्या खिडकीत ते नाक आलं की उजेड कमी होई.

दर शुक्रवारी सकाळी, शब्बाथच्या बाजारहाटाआधी, ते खिडकीशी वाकत.

"मोझेस, आहे का रे?"

"आहे, आबा."

मी बरणीतले थेंब त्यांच्या बाटलीत भरून देई. चिठ्ठी नाही, नोंद नाही. आपला माणूस. त्यातून हज्जान. त्याला काय डॉक्टरांच्या रांगेत उभं करायचं? आधी काचेची ड्रॉपरची बाटली होती. मग ती प्लास्टिकची, दाबली की फवारा उडणारी बाटली निघाली, तेव्हा तशी एक रिकामी मी त्यांना मिळवून दिली. ते हरखून गेले. आता मान मागे टाकायला नको. प्रार्थनेच्या मध्येसुद्धा, तालीत, म्हणजे प्रार्थनेची शाल, डोक्यावर ओढून, मंडळीकडे पाठ करून, दोन फूस. आम्हाला वाटे, आबा रडताहेत. आमची भक्ती वाढे.

हे चार वर्षं चाललं. बाटलीवर माझ्याच अक्षरात हिब्रू चिठ्ठी होती, तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. क्लारा कधी कधी म्हणत, "मोशे, ही बरणी फार लवकर संपते." मी म्हणे, "गव्हेरेत क्लारा, इथली हवाच कोरडी आहे."

मग एका बुधवारी खिडकीत सारामावशी वाकल्या. आबांची बायको. त्यांच्या साडीवर पुरुषी स्वेटर, हातात पिशवी.

"मोझेस, तुझ्या आबांचं नाक मेलं," त्या म्हणाल्या.

"असं काय म्हणता, मावशी?"

"ऐकून घे. पंधरा दिवसांमागं बोंबील तव्यावर टाकला नि मी वर फ्लोराकडे गेले. गप्पांत विसरले. बोंबील जळून कोळसा. वरच्या मजल्यावरचा तो हंगेरियन पोलिसांना बोलवायला निघाला. मी धावत खाली येते, तर हा माणूस तव्यापासून चार हातांवर पेपर वाचत बसलेला. मला म्हणतो, इतकी धापा का टाकतेस?"

"सर्दी असेल."

"मी पण म्हटलं सर्दी. पण संशय आला. म्हणून मागल्या शनवारी हावदालाला मी परीक्षा घेतली."

हावदाला म्हणजे शब्बाथला निरोप द्यायचा विधी. त्यात द्राक्षरस, दिवा आणि सुवास यांच्या बराखा म्हणजे आशीर्वचनं म्हणतात. सुवासासाठी आमच्या घरांत सब्ज्याची डहाळी लागते. सारामावशींचा सब्जा गॅलरीत ऑलिव्हच्या डब्यात वाढलेला. कोकणातून आणलेल्या बियांचा वंश. त्या हिवाळ्यात तो थंडीने मेला होता.

"मी फ्लॉवरपॉटमधलं पान दिलं," मावशी म्हणाल्या. "प्लास्टिकचं. धुऊन. त्यानं नाकाला लावलं, डोळे मिटले, हां, म्हणाला, नि बराखा म्हटली. पोरं सगळी आमेन म्हणाली. मी पण म्हणाले. काय करते?"

त्यांच्या मागे एक मोरोक्कन बाई आणि एक सैनिक उभा होता. मराठी कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे मावशी मोठ्यानेच बोलत होत्या. आमच्या भाषेचा या देशात तेवढा एक फायदा आहे. भर रांगेत पडदा टाकता येतो.

बाहेरच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. यात बरंच आहे. नियम असा की ज्याला वास येत नाही त्याने सुवासाची बराखा म्हणू नये. म्हटली तर देवाचं नाव फुकट घेतलं. आणि आमच्या लोकांच्या धर्मपालनाबद्दल या देशात एकेकाळी शंका घेतल्या गेल्या आहेत, त्यामुळे फुकट या शब्दाचं आम्हाला जरा जास्त लागतं.

"आबांना सांगितलंत?"

"वेडा आहेस? हज्जान आहे तो. मी काय सांगणार, तू प्लास्टिकवर देवाचं नाव घेतलंस म्हणून? तू काहीतरी औषध दे."

मी औषध दिलं होतं. हेच तर चार वर्षं देत होतो. मावशी गेल्या, मोरोक्कन बाईंचं नाक खिडकीत आलं आणि मी त्यांना कुणा दुसऱ्याच्या गोळ्या दिल्या. क्लाराने वेळेवर हात धरला.

शुक्रवारी आबा आले. "मोझेस, आहे का रे?"

"आबा, वास येतो का तुम्हाला?"

ते वाकलेलेच राहिले. बराच वेळ फक्त नाक दिसत होतं.

"साराने सांगितलं?"

"बोंबलाचं सांगितलं."

"दोन वर्षं झाली," आबा म्हणाले. "पहिल्यांदा चहाचा गेला. मग तेलाचा, साबणाचा. म्हटलं, म्हातारपण. पण हावदालाला सब्जा हातात घेतला की आठवणीनं वास यायचा रे. डोळे मिटले की अलिबागचं अंगण. म्हटलं, हा पण वासच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मागल्या शनवारी साराने प्लास्टिक दिलं."

मी बरणीचं झाकण लावलं.

"बोटांना कळत नाही होय? पान गार लागतं, पिचतं. हे कडक होतं. पण पोरं बघत होती, नातवंडं होती. मी म्हटली बराखा. तिला वाटतं मला कळलं नाही. तिला सांगू नको."

तर आता नवऱ्याचं गुपित माझ्याकडे, बायकोचं गुपित माझ्याकडे, आणि दोघांच्या मध्ये मी, खिडकीएवढा. गोष्टी सांगणाऱ्या माणसाला यापेक्षा सुखाची जागा नाही. पण मला सुख वाटलं नाही. कारण तिसरं गुपित माझं होतं आणि ते त्यांच्या खिशात होतं, प्लास्टिकच्या बाटलीत.

"आबा, हे थेंबांनी झालंय," मी म्हटलं. "मी दिलेल्या."

आबांनी बाटली काढली, डोळ्यांपासून लांब धरली आणि चिठ्ठीवरचं हिब्रू वाचलं. त्यांना प्रार्थनेचं हिब्रू येई, बाजारातलं कमी. त्यामुळे "तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये" हे वाक्य त्यांनी स्तोत्राच्या चालीवर म्हटलं. मग म्हणाले, "चांगलं लिहिलंयस. वाचायचं राहिलं."

मग खरी गोष्ट सांगितली. त्यांची नात इलाना, माझ्याशी मराठीत कधी एक शब्द न बोललेली, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा नेतिवोतचा, मोरोक्कन घरातला, बाप किराणा दुकानदार आणि शास्त्रात पक्का. लग्नाआधी मेंदीच्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे मलिदा होणार. मलिदा म्हणजे गूळखोबरं घातलेल्या पोह्यांचं ताट, त्यावर फळं आणि सब्जा; एलियाहू हानाबी या प्रेषिताची आठवण करून एकेक बराखा म्हणायची. व्याह्यांनी हे कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी इलानाला विचारलं होतं, हे पोह्यांचं ताट नक्की कुठल्या ग्रंथात आहे?

"सात आठवडे आहेत," आबा म्हणाले. "नातीची बराखा मी म्हणणार. तिच्या आईच्या वेळी पण मीच म्हटली. वास आला तर म्हणीन. नाही आला तर सगळ्यांसमोर सांगीन की नाक गेलं, दुसरा कोण म्हणा. पुन्हा खोटं नाही. ते नेतिवोतवाले म्हणतील, यांच्या हज्जानाला धड नाक पण नाही. म्हणू देत."

बाटली त्यांनी खिडकीच्या पट्टीवर ठेवली आणि गेले. पाच मिनिटांनी परत आले आणि घेऊन गेले.

मी क्लाराला सगळं सांगितलं. बरणीचंसुद्धा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मोशे, माणसाने मागितलं आणि तू दिलंस. हे वेटरचं काम झालं. आपण फार्मसीत आहोत." एवढंच. वर कळवलं नाही. त्या दिवसापासून बरणीची किल्ली त्यांच्या गळ्यात गेली. मला अजून ते वाक्य आठवलं की कान गरम होतात.

मंगळवारी बीरशेबाहून नाकाचे डॉक्टर येत. आबांना मी स्वतः घेऊन गेलो. डॉक्टरांनी आरशातून उजेड टाकला आणि मला बोलावून दाखवलं. कच्च्या कलेजीसारखं लाल, फुगलेलं, वाट दिसेना. "किती वर्षं?" मी म्हटलं, "चार." ते म्हणाले, "दिलं कोणी?" आबा मोडक्या हिब्रूत चटकन म्हणाले, "बाजारातून." हज्जान माझ्यासाठी खोटं बोलला. चालीवर नाही, साधंच.

उपाय असा की थेंब एकदम दोन्हीकडे बंद केले तर माणूस वेडा होतो. म्हणून आज उजव्या नाकपुडीत थेंब बंद, कायमचे. डावीत घाला. तीन आठवड्यांनी उजवी मोकळी झाली की डावीतही बंद. अस्तर आपलं आपण बरं होतं, त्याला फक्त एकटं सोडावं लागतं. "आणि वास?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आधी वारा येऊ दे. वास आला तर मागून येईल."

पहिला आठवडा आबांनी तोंडाने श्वास घेतला आणि नाकाने शिव्या दिल्या. मशिदीत आवाज घागरीतून आल्यासारखा. एका म्हाताऱ्याने मला कौतुकाने विचारलं, "ही नवी चाल कुठली रे, कोचीनची?" मावशी दर दोन दिवसांनी खिडकीत वाकून बातमी देत. उजव्या कुशीवर झोपत नाहीत. डाव्या कुशीवर झोपत नाहीत. बसूनच झोपतात आणि मला पण बसवतात.

सतराव्या दिवशी आबा आले, वाकले, उजव्या नाकपुडीवरचं बोट काढलं, डावी दाबली आणि माझ्या काउंटरवरचा चिठ्ठ्यांचा गठ्ठा श्वासाने उडवून दिला. "वारा आला," ते म्हणाले. मी चिठ्ठ्या गोळा करत बसलो.

पण डावीला हात लावायला ते तयार होईनात. "उजवी तुमच्या डॉक्टरची. डावी माझी. मी गातो तिच्यावर." तीन आठवडे उलटून गेले. मेंदी तीन आठवड्यांवर आली. तेव्हा मी एक काम केलं, जे मी अभिमानाने सांगावं की लाजून, हे अजून ठरलेलं नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात मोजून मीठ विरघळवलं, नव्या बाटलीत भरलं, आणि चेहरा गंभीर करून म्हटलं, "आबा, हे नवीन आलंय. स्वित्झर्लंडचं. फार स्ट्राँग. दिवसातून चारच वेळा. अस्तराला इजा नाही."

आबांनी बाटली उलटसुलट बघितली. "स्वित्झर्लंड," म्हणाले.

"बर्फाळ देश आहे, आबा. सर्दीचं त्यांना बरोबर कळतं."

ते मान हलवून गेले. मागे उभ्या क्लारांना मराठी कळत नव्हतं, पण त्या म्हणाल्या, "मोशे, तू आत्ता जे काही बोललास ते खोटं होतं."

मेंदी मिकलातमध्येच झाली. भिंतींना रंगीत कागद, पिंगपाँगच्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर मलिद्याचं ताट. सब्जा दिमोन्यातल्या एका नातेवाइकाकडून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मागवलेला. मावशींनी तो स्वतः उलगडला. नेतिवोतची मंडळी उजवीकडे, आमची डावीकडे. व्याही अगदी ताटाला लागून उभे, हात मागे बांधून, परीक्षकासारखे. इलाना हिरव्या साडीत, जी तिला दर दोन मिनिटांनी कुणीतरी नेसवत होतं. सकाळी आबांना विचारलं होतं, वास? ते म्हणाले होते, "वारा दोन्हीकडून. वास नाही." मावशींना हे माहीत नव्हतं. त्या तांदळाच्या दाण्यासारख्या सरळ बसल्या होत्या.

फळांच्या बराखा झाल्या. आवाज खणखणीत, पोलादी दार पुन्हा कापलं. मग आबांनी सब्ज्याची डहाळी उचलली.

डावीला लावली. काही नाही. उजवीला लावली आणि थांबले.

फार वेळ थांबले. मंडळींना वाटलं, ध्यान. कुणाचं तरी तान्हं रडायचं थांबलं. डहाळी खाली आली, पुन्हा वर गेली. त्यांनी पान बोटांत चुरडलं आणि पुन्हा लावलं. व्याही पुढे झुकले. त्या माणसाला नियम माहीत होता, आणि आबांना तो माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. इलाना हळूच म्हणाली, "सबा, मा कारा?" आजोबा, काय झालं?

आबांनी तिला उत्तर दिलं नाही. ते मावशींकडे वळले आणि रोजच्या आवाजात म्हणाले,

"सारा, हा खरा आहे."

मावशींनी आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नारळाकडे बघत होतो. मग त्यांनी पदर तोंडावर धरला आणि त्या हसत होत्या की काय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आबांनी बराखा म्हटली, शब्द न शब्द सुटा, घाई न करता, दोन वर्षांचं राहिलेलं एकदम म्हणत असल्यासारखी. सगळ्यांत मोठं आमेन नेतिवोतच्या किराणावाल्याचं होतं. नंतर त्याने मलिदा दोनदा घेतला आणि कुठल्या ग्रंथात आहे ते विचारलं नाही.

डहाळी हातोहात फिरत माझ्याकडे आली. मी नाकाला लावली. मला काहीच वास आला नाही. तीन दिवसांपासून मला जबरदस्त सर्दी होती. मी बराखा न म्हणता ती पुढे दिली.

आबांच्या डाव्या नाकपुडीला आजवर वास येत नाही. उजवीच्या जोरावर ते चालवून घेतात, बोंबील जळायच्या आधी सांगतात, आणि मावशींचा नवा सब्जा ऑलिव्हच्या डब्यात पुन्हा वाढला आहे. डावीचा हिशेब माझ्याकडे आहे. तेव्हापासून चिठ्ठी असो नसो, आपला असो परका, थेंब मागणाऱ्याला मी खिडकीतून बाहेर वाकून विचारतो, कितवा दिवस? लोकांना राग येतो. आता आम्ही दोघेही वाकलेले असतो, त्यामुळे नाकाला नाक लागायची वेळ येते.

मेंदीनंतरच्या शुक्रवारी आबा नेहमीच्या वेळी आले. खिडकीत अंधार झाला. त्यांनी स्वित्झर्लंडची रिकामी बाटली पट्टीवर ठेवली.

"आहे का रे?"

"आहे, आबा. पण आता तुम्हाला गरज नाही."

"असू दे. कोरडं पडतं, बरं वाटतं," ते म्हणाले, आणि बाटली माझ्याकडे सरकवली. "फक्त या वेळी मीठ जरा कमी घाल."